हळू चालणाऱ्या गाडीचं नाव

भाऊजी, ती वायर अजून टीव्हीलाच लटकून आहे. त्या रविवारी तुम्ही फोन तेवढा काढून घेतलात आणि वायर तशीच सोडून गेलात. एरवी गुंडाळून, रबर लावून, फ्रिजवर ठेवायचात आणि मला बजावायचात, "वहिनी, झाडताना पाहजा, हिची पिन नाजूक हाय." त्या दिवशी गुंडाळली नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुम्ही दुखावून चाललात. मी मास्तरीण, तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचले, आणि घरच्या माणसाचा वाचता आला नाही. मी म्हटलं, मे महिन्याचं ऊन आहे, डोकं तापलं असेल, येतील परत.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, तुम्ही गेलात.

कसे गेलात ते लोक मला घरी येऊन सांगतात, जसं काही मला ठाऊकच नाही. छिंदवाड्याहून परत येताना सिल्लेवानीच्या घाटात तुम्हाला घाम फुटला. कंडक्टरनं विचारलं तर म्हणालात, "घाट उतरू दे, मंग पाहू." गाडी खाली आणलीत. सौंसरच्या स्टँडवर तिच्या नेहमीच्या जागी लावलीत, हँडब्रेक ओढलात आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलंत. मागच्या बाया पिशव्या गोळा करून उतरून घरी गेल्यासुद्धा, त्यांना काही कळलं नाही. कंडक्टर माझ्या ओट्यावर बसून रडत होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की गाडी अगदी सरळ लागली होती, वीतभरही वाकडी नव्हती.

खरं सांगते, ते ऐकताना मला देव आठवला नाही. मला मोनॅको आठवलं.

दूर कुठेतरी समुद्राच्या काठावरचं ते एवढंसं श्रीमंत गाव. वर्षभर तिथल्या रस्त्यांवरून लोक भाजी आणायला जातात आणि एका रविवारी त्याच रस्त्यांवरून जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारी धावतात. दोन्ही बाजूंना कठडे, मधे एक बोगदा, एक वळण तर असं की गाडी जवळपास जागच्या जागी फिरवावी लागते. सौंसरसारख्या गावात राहणाऱ्या एका बस ड्रायव्हरला आणि त्याच्या वहिनीला या गावाशी काय देणंघेणं? पण दहा-बारा वर्षं झाली, आपण दोघं त्याच्यावरून भांडत होतो. नागपूरच्या एका ढाब्यावर बस थांबली असताना तुम्ही पहिल्यांदा ती शर्यत टीव्हीवर पाहिलीत आणि घरी येऊन मला सांगितलीत. तुमच्या घरी माझ्या जावेला, सुनंदाला, तो आवाज सहन व्हायचा नाही, आणि टीव्ही आमचा मोठा. म्हणून जगात कुठेही तसली शर्यत असली, की त्या रविवारी संध्याकाळी, ड्यूटी नसली तर, तुम्ही आमच्याकडे. तुमच्या लेकीनं, प्राचीनं, फोन टीव्हीला जोडायचं शिकवलं. तुमचे दादा पाच मिनिटं बघायचे आणि "यात समजते काय तुमाले" म्हणून बाहेर निघून जायचे. उरायचो आपण दोघं आणि एक तांब्या पन्हं.

भांडण एकच होतं. या गावाला ही शर्यत द्यावी का? एवढा मोठा मान त्याला शोभतो का?

मी म्हणायची, नाही शोभत. रस्ता जुनाच आहे आणि मोटारी वर्षागणिक लांब-रुंद होत गेल्या. तिथे कोणी कोणाच्या पुढे जाऊच शकत नाही. शनिवारी एकेकट्यानं धावून नंबर लागतात आणि रविवारी सगळे त्याच नंबरानं गोल गोल फिरत राहतात. ही शर्यत आहे की शाळेची प्रभातफेरी? मी तुम्हाला म्हटलं होतं, "मी परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं ओळीनं बसवली अन् दुसऱ्या दिवशी तेच नंबर रिझल्टमधी लिहून टाकले, तं चालन का?"

तुम्ही पाय वर घेऊन खुर्चीत बसायचात आणि खुशीत यायचात. "वहिनी, आपल्या घाटात ओव्हरटेक करणाऱ्याले आपण काय म्हणतो? गधा म्हणतो. अन् तिथं कोणी केलं नाही तं शर्यत बेकार?"

"मंग घाटातल्या बसले बी कप द्या ना जी."

"द्यालेच पाह्यजे! मोठ्या मैदानात कोणी बी चालवते. चुकला तं वाळूत जाते अन् परत येते. इथं चुकला तं भिंत. दीड-दोन घंटे भिंतीले न लावता गाडी आणणं, हेच शर्यत हाय. पुढं जाणं बिणं नंतरची गोष्ट."

आणि मग तुमचा ठेवणीतला मुद्दा यायचा, पोळ्याचा. "आपल्या मोहगावच्या पोळ्यात कोणती शर्यत असते? मानाची जोडी पह्यले तोरणाखालून जाते, मंग बाकीच्या. कोणाची जोडी कितीही तेज असो, ते मांगंच. पण कोणी म्हणते का का पोळा बंद करा? सारं गाव पाहाले येते. मोनॅको म्हणजे पोळा हाय, वहिनी. ज्याच्या गावात शंभर वर्षांपासून तोरण बांधून राहिले, त्याच्या गावातून तोरण नेता येत नाही."

"मागच्या जोडीच्या धन्याले विचारा," मी म्हणायची.

"मलेच विचारा ना मंग!" आणि तुम्ही मोठ्यानं हसायचात.

कारण मागच्या जोडीचे धनी तुम्हीच होतात. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट, पण मी ती इतक्यांदा ऐकली की मी तिथे उभी होते असंच मला वाटतं. तुम्ही सोळा वर्षांचे. घरची जोडी घेऊन तोरणापाशी आलात, पाहता तर मानाची जोडी आलेलीच नाही. मानकऱ्याच्या घरी अजून शिंगांना बेगड लावणं सुरू होतं. सगळं गाव उभं, बैल चुळबुळ करत होते, दिवस मावळायला आलेला. तुम्ही कंटाळलात आणि सरळ जोडी हाकलून तोरणाखालून काढलीत. तुम्हाला वाटलं कोणीतरी सुरुवात करायला हवी. गावात एकच गदारोळ झाला. मामंजींनी सगळ्यांसमोर तुम्हाला मानकऱ्याच्या पाया पडायला लावलं, जोडी परत नेऊन रांगेच्या टोकाला उभी करायला लावली, आणि म्हणाले, "पुढच्याच्या पुढं जायचं नसते. गावात बी नाही, घरात बी नाही." पुढे बैल विकेपर्यंत दर पोळ्याला तुम्ही स्वतःहून टोकाला उभे राहायचात. कोणी पुढे बोलावलं तरी जायचा नाहीत. लोक त्याला तुमचा विनोद समजायचे. मीही समजायची.

आता त्या रविवारचं लिहिते. टाळत आले होते, पण त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

यंदा तिथे नवा नियम आला होता. शर्यतीत चुरस यावी म्हणून प्रत्येकानं दोन वेळा टायर बदलायलाच हवेत. आपल्या दोघांनाही उत्सुकता होती. तुम्ही सुटी टाकून आला होतात. आणि मग काय झालं, एका संघाच्या दोन गाड्यांपैकी मागची गाडी मुद्दाम हळू चालायला लागली. रस्ता अरुंद, तिच्या मागच्यांना पुढे जाता येईना, सगळी रांग खोळंबली. तेवढ्यात तिच्याच घरची पुढची गाडी आरामात टायर बदलून आली आणि आपल्या जागेवर परत लागली. एकानं रस्ता अडवायचा, म्हणजे दुसऱ्याचा नंबर टिकेल. मग दुसऱ्या एका संघानंही तेच केलं.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, पाहा, हीच तुमची मोनॅको! इतक्या मोठ्या शर्यतीत माणूस मुद्दाम मागे पडतो आणि सगळे पाहत राहतात. मी तावात आले की थांबत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "याले लाज कशी वाटत नाही? ज्याले पुढं जायचंच नाही त्यानं शर्यतीत यावंच कायले? सरळ बस चालवावी!"

बोलून मी हसलेही. बस ही आपली नेहमीची चेष्टा होती.

तुम्ही हसला नाहीत. टीव्हीकडेच पाहत म्हणालात, "चालवते ना, वहिनी." मग जरा वेळानं, "कोणाले पुढं ठेवाचं असन तं मांगं राहाले बी कोणी लागते. त्याले जमते म्हणूनच त्याले सांगतलं असन." शर्यत संपायला अजून बऱ्याच फेऱ्या होत्या. तुम्ही उठलात, फोन काढलात, चपला घातल्यात. ग्लासात अर्धं पन्हं तसंच. मी ओरडले, "अजी, निकाल तं पाहून जा!" तुम्ही दारातून म्हणालात, "तो शनिवारीच लागला."

हे आपलं शेवटचं बोलणं.

भाऊजी, तुमचा शनिवार कोणता होता ते घरात आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. तुम्हाला, दादांना आणि मला. सासूबाईंनाही पुरतं ठाऊक नव्हतं. आणि तिघांनी मिळून पस्तीस वर्षं त्याच्यावर असं पांघरूण घातलं, की मलाही कधी कधी वाटायचं, खाली काही नाहीच.

मामंजी कचेरीत बाबू होते आणि नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी घरातल्या एकाला घेणार होते. दादा बारावीला दुसऱ्यांदा बसून कसेबसे पास झालेले. तुम्ही पहिल्या वर्गात पास, आणि वर हिंदी-इंग्रजी दोन्ही टायपिंग. सौंसरच्या टायपिंग क्लासमधून येताना तुम्ही सायकलच्या हँडलवर बोटं वाजवत यायचात, ते मी नवी नवरी असताना खिडकीतून पाहिलेलं आहे. कचेरीतल्या साहेबानं दादांना विचारलंही, "छोटा भाई टाइपिंग पास है ना? उसको क्यों नहीं लाते?" दादा घरी येऊन ते बोलले. सासूबाई म्हणाल्या, मोठा असताना लहान्यानं कसं जायचं, लोक काय म्हणतील. म्हणजे पुन्हा तोरणच.

पण मी सगळं सासूबाईंवर ढकलणार नाही. माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. मला स्वतःला तेव्हा नोकरी नव्हती. माझ्या नवऱ्याला ती जागा मिळावी असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. कचेरीनं सांगितलं, लहान भावाची हरकत नाही असा कागद आणा, त्यात कारण लिहा. दादांना लिहायला सुचेना. माझं अक्षर चांगलं म्हणून मी बसले. "मी स्वखुशीने लिहून देतो की" इथपर्यंत लिहिलं आणि कारणापाशी अडले. खिडकीबाहेर शेजाऱ्याचा ट्रक उभा होता, त्याची धुलाई सुरू होती. मी लिहिलं, "मला कचेरीतील नोकरीत रस नसून माझा कल वाहन चालविण्याकडे आहे."

तुम्हाला तेव्हा फक्त सायकल यायची.

तुम्ही जेवत होतात. वांग्याची भाजी होती. मी कागद ताटाशेजारी ठेवला आणि पेन उघडून दिलं. तुम्ही उठलात, हात धुतलात, पुसलात, कागद पूर्ण वाचलात. त्या वाक्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिलंत. रागानं पाहिलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही थोडे हसलात, पोराच्या निबंधात काहीतरी भारी लिहिलेलं सापडलं की आम्ही हसतो तसे. आणि सही केलीत. मी काय म्हणायला हवं होतं तेव्हा? पाया पडायला हवं होतं, तुम्ही लहान असलात तरी. मी म्हटलं, "जेवा भाऊजी, भाजी थंडी होऊन राहिली."

वर्षभरानं तुम्ही लायसन्स काढलंत. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग नागपूर-छिंदवाडा बस. मी रचलेलं वाक्य तुम्ही खरं करून दाखवलंत. इतकं खरं, की सगळ्या नात्यात तीच गोष्ट पसरली: दिलीपला गाडीचाच नाद. आणि आता मला झोप येत नाही ती या एका प्रश्नानं. तुम्हाला गाडी खरंच आवडली होती का? रविवारी खुर्चीच्या हातावर तुमची बोटं चालायची, मला वाटायचं तुम्ही मनात गिअर बदलताय. आता वाटतं, तशी तर ती टायपिंगचीही चालायची. हे विचारायला पस्तीस वर्षं होती आणि मी तुमच्याशी मोनॅकोवर वाद घालत बसले.

की तुम्हीच त्यासाठी हा वाद काढला होता? मागे राहिलेल्याची बाजू कोणीतरी एकदा माझ्यासमोर मांडावी म्हणून?

असं नका समजू की मला तुमचं काही दिसतच नव्हतं. बोरगावच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा तिथे शाळेपाशी थांबा नव्हता, तरी तुमची बस फाटकासमोर उभी राहायची. ड्रायव्हरमागची सीट माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवलेली असायची. एखादा प्रवासी कुरकुरला की म्हणायचात, "मास्तरीणबाई हायेत, तुमच्याच पोराले शिकवते." मी रुबाबात बसायची. तुमच्या मागे बसून मी नोकरी केली आणि पगारदार माणूस ड्रायव्हरशी बोलतो तसं तुमच्याशी बोलले. याचीही लाज आहे.

तेरवीला पंगत बसली होती. तुमचे चुलतभाऊ ताटावर बसून मोठ्यानं म्हणाले, "दिलीपले पह्यलेपासून गाडीचाच नाद. सरकारी नोकरी घरी चालून आली होती, यानं लात मारली!" लोकांनी माना डोलावल्या. प्राची वाढत होती. तिच्या हातात बुंदीचं भांडं होतं. ती एकवीस वर्षांची पोर, दोन वर्षांपासून सरकारी परीक्षांमागे लागलेली. याच गोष्टीवरून ती तुमच्याशी भांडली होती, तुम्हीच मला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "तुमी तेव्हा नोकरी घेतली असती तं आज आपलं असं नसतं." आणि तुम्ही तिला म्हणाला होतात, "मले कुर्सी टोचते, बेटा." बापानं आपल्या हौसेपायी घराचं वाटोळं केलं असं पोरगी धरून चालली होती आणि तुम्ही तिला धरू दिलंत.

पंगतीत तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. दादांनीही पाहिलं. ते मान खाली घालून पोळी मोडत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी आत जाऊन भाताचं पातेलं उचललं.

चार दिवसांनी प्राची आली. तुमचे जुने कागद हवे होते, कुठल्याशा फॉर्मसाठी तुमची मार्कशीट आणि सहीचा नमुना. तुम्ही तुमचे कागद आमच्याच लोखंडी कपाटात ठेवायचात, तुमच्या घरी वाळवी म्हणून. मी फाइल काढली. त्यात त्या कागदाची नक्कल होती. मला ठाऊक होतं. हळूच काढून घेता आली असती. खरं सांगायचं तर मी हात घातलाही होता. मग तुमचं ते "चालवते ना, वहिनी" आठवलं, आणि मी फाइल तशीच तिच्या हातात दिली. माझी हिंमत म्हणा तर एवढीच.

तिनं मार्कशीट पाहिली. "बाबा फर्स्ट क्लास होते?" टायपिंगचं सर्टिफिकेट पाहिलं, त्याच्यावर कितीतरी वेळ बोट ठेवून बसली. मग तो कागद. वाचला. पुन्हा वाचला. आणि मान वर न करता म्हणाली, "काकू, हे अक्षर तं तुमचं हाय."

तिला बाराखडी मीच शिकवली होती. माझा 'ळ' आणि माझा 'च' ती कुठेही ओळखेल.

"हव," मी म्हटलं.

"बाबाले तेव्हा गाडी येत होती?"

"नाही. सायकल."

"मंग हे कोणाच्या मनचं हाय?"

"माह्या."

मग मी सगळं सांगितलं. शेजाऱ्याचा ट्रक, वांग्याची भाजी, सगळं. तिनं मधे एकदाच विचारलं, "सही केल्यावर तुमी काय म्हटलं?" मी तेही सांगितलं. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, चिडेल, मी जवळ घेईन. तिनं मला तशी संधी दिली नाही. कागदाची घडी केली, उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, खोटं तुमी लिहून देलं होतं. आता खरं बी लिहून द्या. याच अक्षरात. मले तोंडी नाही पाह्यजे." चहा ठेवला होता, तो न पिता ती गेली.

म्हणून हे लिहून राहिले आहे, भाऊजी. शाळेच्या वहीचे कागद आहेत, निळं पेन आहे. दोन दिवस झाले. आज सकाळी वाटलं, निकालही लिहून टाकावा, म्हणजे आपला वाद मिटेल. काल शेजारच्या सुनेकडून मी ती शर्यत फोनवर पुन्हा लावून घेतली आणि शेवटपर्यंत पाहिली. कोण पहिला आला ते मला तेव्हाच कळलं होतं. मला पाहायचं होतं ते त्या हळू चालणाऱ्याचं. किती डोळे ताणले, पण शेवटी त्याच्याकडे कोणी कॅमेरा नेलाच नाही. निदान मला तरी दिसला नाही. पहिल्या तिघांवर फवारे उडाले आणि संपलं.

तर माझं म्हणणं असं आहे. ठेवा त्या गावात शर्यत. तुमचं खरं, ज्यांनी तोरण बांधलं त्यांचं तोरण नेऊ नये. पण मग निकाल सांगताना हेही सांगा, की हा पुढे राहिला कारण तो मागे राहिला, आणि त्याचं नाव घ्या. ते घ्यायची लाज वाटत असेल, तर तो मान त्या गावाला शोभत नाही. आणि आमच्या घरालाही शोभत नाही. यावर तुम्ही काहीतरी उलट बोललाच असतात. मी वाट पाहते आहे.

आज दुपारी इथपर्यंतचे कागद मी दादांसमोर ठेवले. ते जेवत होते. मी मुद्दामच ती वेळ धरली. म्हटलं, "प्राचीले द्यायचे हायेत. तुमी सही करा."

ते म्हणाले, "काय हाय?"

"वाचा."

ते उठले. हात धुतले, पुसले, चष्मा लावला. पहिल्या पानापासून वाचायला लागले. टायपिंगच्या जागी थांबले. साहेबाच्या बोलण्यापाशी थांबले. एकदा म्हणाले, "हे लोकायच्या हाती गेलं तं?" मी पुढचं पान समोर सरकवलं. पस्तीस वर्षं त्या खुर्चीवर बसून ते आता निवृत्त झालेत, भाऊजी. माणूस वाईट नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तो फक्त पुढे होता. "हा पुढे राहिला कारण तो मागे राहिला" हे माझं वाक्य वाचून त्यांनी चष्मा काढला आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे पाहिलं. मग पेन मागितलं. माझ्या अक्षराच्या खाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "वरील मजकूर खरा आहे. माझी हरकत नाही." आणि सही केली.

ताटात वांग्याची भाजी होती, ती थंड होत होती. या वेळी मी काही बोलले नाही.